गेटच्या आत मालकाचं राजकारण चालतं, कामगाराचं का नाही?

कुठल्याही बड्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या सुमारास ठाण्यातल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतून एक चक्कर मारा. चौकाचौकात फलक लागलेले दिसतील. वर पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत माजी नगरसेवक असतात, शाखाप्रमुख असतात, आणि अधूनमधून आसपासच्या कारखान्यांचे मालकही असतात, कंपनीच्या नावासकट. आता अशाच एखाद्या कंपनीच्या गेटमधून आत जा. टाइम ऑफिसशेजारच्या बोर्डावर कॅन्टीनच्या वेळा, सेफ्टीचं पोस्टर आणि त्याखाली टाइप केलेली सूचना: 'कंपनीच्या आवारात राजकीय चर्चा करण्यास सक्त मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई केली जाईल.' बाहेरच्या फलकावर आणि आतल्या सूचनेखाली नाव एकाच माणसाचं.

माझं म्हणणं सरळ आहे. कामाच्या जागी नियम हवा, पण तो वागणुकीचा हवा, मताचा नको. आणि जो नियम कराल तो आधी मालकाला, डायरेक्टरला, मॅनेजरला लागू व्हायला हवा, कारण कामाच्या जागी राजकारणाचा दाब वरून खाली येतो. सुपरवायझरनं पक्षाच्या वर्गणीची पावती पुढे केली तर हेल्परला नाही म्हणता येत नाही. हेल्परनं सुपरवायझरपुढे पावती धरली तर सुपरवायझर हसून पुढे जातो. असं असताना सूचना मात्र हेल्परसाठी लागते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात पर्सोनेल खात्यात काम करताना आणि नंतर लहान कंपन्यांना सल्ला देताना मी कामगारांच्या पुष्कळ फाइली पाहिल्या. त्यातली एक रबाळे एमआयडीसीतल्या मशीन शॉपमधल्या ऑपरेटरची. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ठाण्यात काय झालं हे इथल्या माणसाला सांगायला नको. टेंभी नाक्यापासून किसननगरपर्यंत घराघरात दोन तट पडले, भावाभावांनी बोलणं टाकलं. या ऑपरेटरनं आपल्या व्हॉट्सअॅप स्टेटसला एका नेत्याचा फोटो आणि त्याखाली एक ओळ टाकली होती. शिवी नव्हती, धमकी नव्हती, कंपनीचं नावही नव्हतं. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टच्या चहाच्या वेळी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर त्याच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट प्रिंट काढून ठेवला होता. शेजारी कोरा कागद आणि पेन. साहेबांनी मजकूर सांगितला, यानं लिहायचा. 'माझ्याकडून अनवधानाने टाकण्यात आलेल्या' इथपर्यंत आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "साहेब, अनवधानानं कसं लिहू? मी विचार करूनच टाकलं होतं." साहेब म्हणाले, "वरून फोन आलाय, वाद घालू नको, लिही." त्यानं लिहिलं आणि सही केली.

तो कागद मी पुढे पाहिला. त्याला जावक क्रमांक नव्हता. त्याच्याआधी मेमो नव्हता, कारणे दाखवा नोटीस नव्हती, चौकशी नव्हती. नियमानं बघितलं तर त्या कागदाला काहीच अर्थ नव्हता. पण तो फाइलमध्ये होता, आणि फाइलमधल्या कागदाचं काम चालू राहतं. त्या दिवाळीच्या आधी ओटीची, म्हणजे ओव्हरटाइमची, यादी लागली त्यात त्याचं नाव नव्हतं. का नाही, हे कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

या प्रकरणातल्या मालकाला कुठल्याच विचारसरणीशी घेणंदेणं नव्हतं, आणि आपल्याकडच्या या प्रश्नाचं मर्म तिथंच आहे. त्याला भीती होती. लहान कारखानदाराच्या डोक्यावर किती टांगत्या तलवारी असतात हे मी जवळून पाहिलंय. भंगाराचं कंत्राट कुणाला, लेबर कॉन्ट्रॅक्ट कुणाचं, माल उतरवायला कुणाची माणसं, फायरची एनओसी कधी मिळणार, गेटसमोर रस्ता खणला तर भरणार कोण. प्रत्येक ठिकाणी कुणातरी स्थानिक नेत्याचा शब्द लागतो. अशा माणसाचा किंवा त्याच्या कार्यकर्त्याचा फोन आला की, "तुमच्याकडचं ते पोरगं फार बोलतं, जरा समजवा," की मालक त्या पोराला समजावतो. तेच त्याला सगळ्यात स्वस्त पडतं.

भीती खरी आहे हे मी मान्य करतो. पण तिची किंमत कोण चुकवतो ते बघा. ज्याची बोलणी थेट सत्तेशी चालतात, ज्याच्यामागे उद्योजकांची संघटना आहे, ज्याला वकील परवडतो, तो गप्प राहतो आणि पंधरा-अठरा हजार पगाराच्या माणसाला पुढे करतो. असं एकदा झालं की फोन करणाऱ्यालाही कळतं की इथं फोन पुरतो. पुढच्या वेळी फोन लवकर येतो.

कंत्राटी कामगाराची गत आणखी वाईट. परमनंट माणसाकडून निदान माफीनामा लिहून घेतात. हाउसकीपिंगच्या बाईला किंवा गेटवरच्या वॉचमनला ठेकेदाराकडून निरोप येतो, "उद्यापासून येऊ नको." कागद नाही, कारण नाही, तारीख नाही. मूळ कंपनी म्हणते आमचा माणूसच नव्हता, ठेकेदार म्हणतो साइट बंद झाली.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम १९ नं अभिव्यक्तीचं आणि संघटनेचं स्वातंत्र्य दिलं, पण ते प्रामुख्यानं सरकारविरुद्ध वापरायचं हत्यार मानलं गेलं. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं सांगितलं की कलम १९ आणि २१ मधले हक्क सरकारेतर व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. वाक्य मोठं आहे, पण ते रबाळ्याच्या मशीन शॉपपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, हा विचार केला की मन खट्टू होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ क्रमांकाचा करार भारतानं १९६० साली मंजूर केला. नोकरीत कोणत्या कारणांवरून भेदभाव करायचा नाही, याच्या त्या करारातल्या यादीत वंश, लिंग, धर्म यांच्या जोडीला 'राजकीय मत' स्पष्ट लिहिलेलं आहे. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, पण राजकीय मतावरून खासगी नोकरीत भेदभाव करायचा नाही असं सरळ सांगणारा कायदा आपण अजून केलेला नाही.

जे आहे ते तुकड्यातुकड्यानं आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानं सूडबुद्धीनं कामावरून काढणं, खोट्या आरोपात गुंतवणं यांना अनुचित कामगार प्रथा ठरवलं, आणि कित्येक कामगारांना त्या आधारावर लेबर कोर्टातून दिलासा मिळाला. १९८३ साली ग्लॅक्सो कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मालकाच्या शिस्तीच्या अधिकाराची हद्द आखून दिली. कामगारानं केलेलं गैरवर्तन कामाच्या जागेशी आणि कामाच्या वेळेशी जोडलेलं असायला हवं. कारखान्याबाहेर, ड्यूटी संपल्यावर कामगार काय करतो यावर मालकाची सत्ता पसरत नाही. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात न्यायालयानं कामगाराकडे गेटबाहेर पडल्यावरही नागरिक म्हणून पाहिलं. रबाळ्याच्या त्या ऑपरेटरनं स्टेटस टाकलं तेव्हा तो घरी होता.

पण हा निकाल उभा आहे स्थायी आदेशांवर, म्हणजे कंपनीच्या लेखी सेवानियमांवर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या, आणि औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांपुरती ठेवली आहे. वागळे इस्टेट किंवा टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीतल्या, गाळ्यांमध्ये किती जागी ३०० कामगार असतात? चाळीस-साठ माणसांच्या युनिटमध्ये गैरवर्तन म्हणजे काय, हे मालकाच्या त्या दिवशीच्या मूडवर ठरणार. तिथं लेखी नियमाची गरज कमी होत नाही, वाढते.

आता खाडीकाठानं थोडं पुढे, ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींकडे जाऊ. तिथं माफीनामा लिहून घेत नाहीत. तिथं जॉइन होतानाच आचारसंहितेवर क्लिक करून घेतात. तीस-चाळीस पानांचा तो मजकूर, आणि त्यात राजकीय मतप्रदर्शनावर एक-दोन परिच्छेद. पुष्कळदा हा मजकूर अमेरिकेतल्या मुख्यालयातून आलेला असतो. तिकडे या विषयावर गेल्या काही वर्षांत बरंच घडलं. कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीच्या प्रमुखानं २०२० मध्ये जाहीर केलं की कामाच्या जागी सामाजिक-राजकीय चळवळ नको, ज्यांना पटत नाही त्यांनी पैसे घेऊन बाहेर पडावं, आणि साधारण साठ जण पडले. २०२१ मध्ये बेसकॅम्प या सॉफ्टवेअर कंपनीनं तशीच बंदी घातली तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी कंपनी सोडली. एप्रिल २०२४ मध्ये गुगलनं इस्रायल सरकारसोबतच्या कंत्राटाविरुद्ध ऑफिसात धरणं धरणाऱ्या कर्मचाऱ्यांना काढून टाकलं.

त्या देशातही खासगी मालकाला संविधानातली अभिव्यक्तीची हमी थेट लागू होत नाही. पण कॅलिफोर्निया राज्याच्या कामगार कायद्यात कलम ११०१ आणि ११०२ आहेत. कर्मचाऱ्याच्या राजकीय हालचालींवर मालकानं नियंत्रण ठेवायचं नाही, नोकरी जाईल असं धमकावून त्याला एखाद्या राजकीय बाजूला ढकलायचं नाही, असं ती सांगतात. म्हणजे तिथं कंपनीच्या नियमावलीला समोरून अडवणारा कायदा उभा आहे. आपल्याकडे नियमावली आली, तो कायदा आला नाही. ऐरोलीतल्या पंचविशीतल्या मुलीला तिच्याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यापेक्षा कमी संरक्षण आहे, आणि तिच्या नावावर गृहकर्ज आहे, अप्रेझल तोंडावर आहे. ती गप्प बसते यात नवल नाही.

या ऑफिसांमधली माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. 'आमच्याकडे राजकारण नको' हे वाक्य तिथं सगळ्यांना सारखं लागू होत नाही. बहुसंख्यांना जे आवडतं त्याला संस्कृती म्हणतात, थोड्यांना जे सांगायचं असतं त्याला राजकारण म्हणतात. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येतल्या सोहळ्यानिमित्त राज्यात सार्वजनिक सुट्टी होती. त्याआधीचे दोन-तीन दिवस अनेक ऑफिसांत पताका लागल्या, कुर्ते घालून फोटो निघाले. पुष्कळांच्या मनात त्यामागे निखळ श्रद्धा होती आणि मला त्या श्रद्धेबद्दल आदर आहे. पण त्याच प्रकारच्या ऑफिसांत १४ एप्रिलला पॅन्ट्रीजवळ बाबासाहेबांचा फोटो ठेवून फुलं वाहायची परवानगी मागणाऱ्या मुलांना "इथं हे सगळं नको, मग उद्या सगळेच मागतील" असं उत्तर मिळाल्याचं मला त्या मुलांनीच सांगितलंय. ज्याच्या संविधानानं आपण मतदार झालो त्याच्या जयंतीला राजकारण ठरवणारा नियम तटस्थ नाही. दोन्हींना हो म्हणा, नाहीतर दोन्हींना नाही म्हणा.

'राजकारण घरी ठेवून या' असं सांगणाऱ्यांनी नवी मुंबई कशी उभी राहिली तेही आठवावं. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी संपादित झाली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि त्या लढ्यातून जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. घणसोली, तळवली, दिवा, रबाळे, कोपरखैरणे या गावांतली पुढची पिढी आज त्याच पट्ट्यातल्या कंपन्यांत शिफ्ट करते. गरजेपोटी बांधलेली घरं नियमित होणार की पाडणार, हा त्यांच्यासाठी राजकीय प्रश्न आहे आणि तोच त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतला पहिला विषय आहे. डोक्यावरच्या छपराबद्दल माणूस डबा खाताना बोलणार नाही तर कधी बोलणार?

२४ जून २०२१ ला, या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांच्या स्मृतिदिनी, नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून बेलापूरला सिडको भवनाला, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या कचेरीला, घेराव घालायला हजारो भूमिपुत्र जमले. त्या दिवशीच्या रजेचे अर्ज ज्यांनी हाताळले त्यांना विचारा. 'घरगुती कारण', 'तब्येत बरी नाही', 'पाहुण्यांकडे कार्यक्रम'. आपल्याच जमिनीच्या मोर्चाला जाणारा माणूस रजेच्या अर्जावर खरं कारण लिहू शकत नव्हता. शिल्लक असलेली हक्काची रजा घेताना त्याला खोटं बोलावं लागलं, आणि ते खोटं मंजूर करणाऱ्यालाही ते खोटं आहे हे ठाऊक होतं. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाचा मोर्चा वाशीत येऊन थांबला तेव्हाही असंच झालं. खरं कारण लिहिल्यानं प्रॉडक्शनचं काय बिघडलं असतं? माणूस तसाही आला नव्हताच.

दुसरी बाजू हलकी नाही, आणि तिला उत्तर द्यायलाच हवं. बारा तासांच्या शिफ्टमध्ये शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोघांत वितुष्ट आलं तर त्यातून अपघात होऊ शकतो. क्रेनवरचा माणूस आणि खाली स्लिंग बांधणारा माणूस एकमेकांशी बोलत नसतील तर मालकानं डोळे मिटून घ्यावेत असं मी म्हणणार नाही. त्याहून गंभीर गोष्ट शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घडते. ग्रुप काढलेला असतो डिस्पॅचच्या वेळा आणि सुट्टीच्या अदलाबदलीसाठी. निवडणुका आल्या की त्यात एखाद्या धर्माबद्दल, जातीबद्दल विखारी फॉरवर्ड सुरू होतात. त्याच ग्रुपवर त्या धर्माचा, त्या जातीचा सहकारी असतो. तो काही लिहीत नाही. तो ग्रुप सोडतही नाही, कारण शिफ्टचं वेळापत्रक तिथंच येतं. रोज सकाळी कामाची वेळ बघण्यासाठी त्याला आपल्या माणसांना घातलेल्या शिव्यांमधून जावं लागतं. पुष्कळदा सुपरवायझरही त्या ग्रुपवर असतो, कधी अंगठा दाखवणाराही तोच असतो.

इथं मालकानं हस्तक्षेप केलाच पाहिजे, तोही ठामपणे. पण कशासाठी? त्या फॉरवर्डमध्ये कुठल्या पक्षाचा झेंडा आहे याच्याशी मालकाचा संबंध नाही. सहकाऱ्याला त्याच्या जातीवरून, धर्मावरून, बाईपणावरून खाली पाडणं हे गैरवर्तन आहे, मग ते कोणत्याही झेंड्याखाली केलेलं असो. त्याला तसंच नाव द्या, मेमो द्या, चौकशी करा, शिक्षा करा. 'राजकीय चर्चा बंद' अशी सरसकट सूचना लावली की जो छळतो आणि जो छळला जातो ते दोघं एकाच रांगेत उभे राहतात. उद्या त्या सहकाऱ्यानं तक्रार केली तर त्यालाच सांगतात, "तूही यात पडू नको." मी हे होताना पाहिलंय, आणि म्हणूनच सरसकट बंदीच्या मी विरोधात आहे. ती दुबळ्याचं रक्षण करत नाही.

मत आणि वागणूक यांतला फरक किती ताणता येतो, याची कसोटी पाहणारं एक प्रकरण इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचं आहे. तिथला एक बसचालक अपंग प्रवाशांची ने-आण करायचा. प्रवासी बहुतेक आशियाई वंशाचे. चालक एका वंशवादी, स्थलांतरितविरोधी पक्षाचा सदस्य होता आणि नगरपालिकेवर निवडूनही आला. पण कामात त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. उलट त्याच्या आशियाई वरिष्ठानंच उत्तम कर्मचारी म्हणून त्याचं नाव सुचवलं होतं. कंपनीनं त्याला काढलं. २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं निकाल दिला की राजकीय संबंधांवरून काढलेल्या माणसाला दाद मागायची वाट ब्रिटिश कायद्यानं ठेवायला हवी होती. पुढच्याच वर्षी ब्रिटननं कायदा बदलला. त्या पक्षाचा विचार मला किळसवाणा वाटतो. तरीही निकाल बरोबर होता असं मी म्हणतो. ज्या दिवशी तो एखाद्या प्रवाशाशी वाईट वागला असता त्या दिवशी त्याला काढा. तोवर त्याला निदान आपली बाजू मांडायला दार उघडं हवं. ज्यांची मतं मला पटतात त्यांच्यासाठीच मी हा हक्क मागत असेन तर मीही त्या वागळे इस्टेटच्या मालकासारखाच.

मालकांबद्दल एवढं बोलल्यावर युनियनबद्दल गप्प बसणं बरोबर होणार नाही. १९६८ मध्ये शिवसेनेची भारतीय कामगार सेना निघाली तेव्हापासून, आणि तिच्या आधी लाल बावट्याच्या काळापासून, आपल्या कामगार संघटना पक्षांशी जोडलेल्या आहेत. वाशीच्या बाजार समितीत माथाडींचं काम चालतं ते १९६९ च्या कायद्याच्या जोरावर, आणि तो कायदा अण्णासाहेब पाटलांच्या राजकीय लढ्यातूनच आला. तिथं कुणी म्हणत नाही की राजकारण नको. हमालाच्या पाठीवरच्या ओझ्याला दर, भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना मिळाला तो राजकारणानं. मला या परंपरेचा अभिमान आहे. पण गेटवर एकाच युनियनचा बोर्ड असताना दुसऱ्या पक्षाला मत देणाऱ्या कामगाराची कुचंबणा होते, त्याचा ग्रेडेशनचा अर्ज मागे राहतो, हेही खरं. मालकाला जो नियम लावायचा तो युनियनच्या कमिटीलाही लागू हवा.

सरकारी नोकरांचा मामला थोडा वेगळा, कारण त्यांच्या खुर्चीत लोकांना सरकार दिसतं. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत राजकारणात भाग घेण्यावर बंधन आहे आणि तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. तरी जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयानं एका महिला कर्मचाऱ्याच्या बाजूनं निकाल देताना सांगितलं की सभेला हजर राहणं म्हणजे राजकारणात भाग घेणं नव्हे, आणि सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचं मत हिरावून घेता येत नाही. जुलै २०२५ च्या राज्य सरकारच्या परिपत्रकानं मात्र समाजमाध्यमांवर सरकारी धोरणांवर टीका करायला मनाई केली, आणि ती महापालिकांपर्यंत, कंत्राटी माणसांपर्यंत पोचवली. ज्या शिक्षिकेला रोज वर्गात धोरण राबवायचं आहे तिनं त्यातली चूक दाखवली तर तो शिस्तभंग कसा होतो, हे मला पटलेलं नाही.

परत कंपन्यांकडे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८२ खाली कंपनी राजकीय पक्षाला देणगी देऊ शकते. संचालक मंडळाचा ठराव पुरतो. त्यापुढे निवडणूक रोखे आले, म्हणजे देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून पक्षाला पैसे द्यायची सोय. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती योजना घटनाबाह्य ठरवली तोवर १६ हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले होते, आणि त्यातला मोठा वाटा कंपन्यांचा होता. तो पैसा नफ्यातून गेला, नफा कामगाराच्या घामातून आला, आणि कुठल्या पक्षाला द्यायचा हे त्याला कुणी विचारलं नाही. सांगितलंसुद्धा नाही. कंपनीनं कोटी रुपयांचं मत गुपचूप दिलं तर तो व्यवहार, कामगारानं फुकटचं मत उघड दिलं तर तो बेशिस्तपणा. या हिशेबाचं समर्थन मला आजवर कुणी पटेल असं करून दाखवलेलं नाही.

मतदानाच्या दिवसाचं तर काय सांगावं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब नं प्रत्येक नोकरदार मतदाराला भरपगारी सुट्टी दिली आहे. ती नाकारणाऱ्या मालकाला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. एका मशीनचा तासभराचा खोळंबा त्याहून महाग पडतो, त्यामुळे कुणी काय निवडावं हे कायद्यानंच सुचवल्यासारखं झालंय. २० मे २०२४ ला ठाणे लोकसभा मतदारसंघात मतदान जेमतेम ५२ टक्के झालं. उकाडा होता, याद्यांतून नावं गायब होती, केंद्रांवर रांगा होत्या, कारणं अनेक. पण "सेकंड शिफ्टला या, सकाळी मत देऊन या" असं सांगून सुट्टी गिळणाऱ्या कंपन्या त्या कारणांत नाहीत असं कुणी म्हणू नये.

तेव्हा मी मागतो ते फार नाही. प्रत्येक कंपनीत, माणसं किती का असेनात, मराठीत लिहिलेलं एक पान असावं. कंपनीचं नाव, गणवेश, बस, लेटरहेड, कामाचा व्हॉट्सअॅप ग्रुप कुठल्याही पक्षासाठी वापरायचा नाही, मालकानंसुद्धा नाही आणि वाढदिवसाच्या फलकावरसुद्धा नाही. हाताखालच्या माणसाला मत कुणाला दिलं विचारायचं नाही, पक्षाची वर्गणी मागायची नाही, सभेला गर्दी करायला पाठवायचं नाही. सहकाऱ्याच्या जातीधर्मावर, बाईपणावर घसरणं हे गैरवर्तन. जेवणाच्या सुट्टीत आणि गेटबाहेर माणूस काय बोलतो, कुठल्या मोर्चाला जातो, स्टेटसला काय ठेवतो हा त्याचा प्रश्न. बाहेरून कुणी तक्रार केली तर ती लेखी मागायची, कामगाराला दाखवायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि तोवर त्याला कामावरून हलवायचं नाही. ठेकेदाराच्या माणसालाही हेच. महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं असेल त्याला बिनपगारी रजा, राजीनामा नाही.

यातलं बाहेरच्या तक्रारीचं कलम मालकाच्याही फायद्याचं आहे. फोन आला तर त्याला म्हणता येईल, "साहेब, आमच्याकडे पद्धत आहे, लेखी पाठवा." अशा फोनमागची दहातली नऊ माणसं लेखी पाठवणार नाहीत, हे मी अनुभवानं सांगतो. एकट्या मालकाला हे अवघड जाईल, म्हणून हे काम संघटनांनी हातात घ्यावं. ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन, ठाण्यातली लघुउद्योजकांची संघटना, आयटी कंपन्यांच्या एचआर प्रमुखांचे गट यांनी मिळून एक नमुना तयार केला आणि सभासदांना वाटला तर कुठला एक मालक वेगळा पडणार नाही. मजकुराला कामगार प्रतिनिधीची संमती घ्यावी, खाली त्याची आणि मालकाची अशा दोन्ही सह्या आणि तारीख असावी, आणि ते पान हजेरीच्या मशीनशेजारी लावावं, जिथं सध्या ती सक्त मनाईची सूचना लागलेली आहे.